आपत्ती सज्जता : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

पूर, आग, स्फोट, वायुगळती यांचा धोका आधीच ओळखून तो कमी करणे, आणि आपत्ती ओढवलीच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे याची तालीम कामगारांना व रहिवाशांना देऊन ठेवणे, म्हणजे आपत्ती सज्जता. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात कारखाने, वस्त्या व नद्या एकमेकांना खेटून आहेत. म्हणून येथे हे काम एकट्या सरकारी यंत्रणेवर सोपवून भागत नाही.

पट्ट्याची घडण : १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पिंपरी औद्योगिक नकाशावर आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवड परिसरात कारखान्यांची दाटी झाली. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका आली. पुढे इंद्रायणीपलीकडे खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत वाहन उद्योग पसरला. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप एमआयडीसीच्या हद्दीबाहेरही, शेतजमिनीच्या गटांवर पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. शेजारीच भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार राहतात.

धोक्यांचे स्वरूप : पवना, मुळा व इंद्रायणी या तिन्ही नद्यांचे पाणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येते. धरण भरले की विसर्ग वाढवावा लागतो, त्यामुळे शहरात पाऊस उघडला तरी नदीकाठी पाणी चढू शकते. जुलै २०२४ मध्ये पवना-मुळेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरून रहिवाशांना हलवावे लागले. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवतात. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. रेषा कागदावर असताना घरे विकली गेली की अखेर ती घेणाऱ्याचा संसार उघड्यावर येतो.

रासायनिक धोका कारखान्यांपुरता नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरला जाणारा क्लोरीन जलतरण तलावांवरही असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीनची गळती होऊन पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्यात ताथवडे येथे टँकरमधून सिलिंडरांत बेकायदा गॅस भरला जात असताना स्फोट झाले. जवळच शैक्षणिक संकुल होते.

तळवडे दुर्घटना : ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथील एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत. वस्तू हाताच्या बोटाएवढी, पण तिच्यात फटाक्याची दारू असते. अशी दारू बंद शेडमध्ये साठली की एक ठिणगी पुरते. काम करणाऱ्या बहुतेक महिला होत्या. सहा जणी जागीच गेल्या, उपचार सुरू असताना आणखी काहींचा मृत्यू झाला. अशा उत्पादनाची परवानगी तेथे नव्हती. परवाना नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून सुटकेची वाटही कोणी पाहिलेली नाही, हा या पट्ट्यातील सर्वांत जीवघेणा दुवा आहे.

कायदा व यंत्रणा : १९८४ च्या भोपाळ वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी नवे प्रकरण आले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा व्यवस्थापनाने करायचा असतो, तर कारखान्याबाहेरच्या आराखड्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले. स्थानिक गटाने लोकांचे प्रबोधन करावे आणि दर सहा महिन्यांनी किमान एक पूर्ण मॉक ड्रिल घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी याच परिसरात, मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. २०१४ मध्ये माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा याच दलाच्या जवानांनी चिखलमातीत शोधकार्य केले. मात्र दल पोहोचेपर्यंतचा वेळ शेजारपाजाऱ्यांच्याच हाती असतो.

वस्तीपातळीवरील तयारी : उपयोगी ज्ञान थोडके आहे, ते अंगवळणी पडले पाहिजे. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत व खोलगट भागात साचतो. तळघरात न शिरता, वाऱ्याची दिशा पाहून त्याला आडवे जात उंच जागी जायचे आणि नाकातोंडावर ओला कपडा धरायचा. स्वयंपाकाचा गॅसही जड असतो. वास आला की दिव्याचे बटण चालू-बंद न करता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे. शेडला एकमेकांपासून दूर अशी दोन दारे हवीत, ती बाहेर उघडणारी असावीत आणि पाळी सुरू असताना त्यांना कुलूप नसावे. नदीकाठच्या घरांत कागदपत्रे व औषधे एका पिशवीत तयार ठेवावीत. अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे क्रमांक खोलीच्या दारावर लिहिलेले असावेत.

उणिवा : १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची सूचना तेथे होती. नुसता फलक गर्दी थोपवत नाही, त्यासाठी तेथे माणूस उभा करावा लागतो. कुदळवाडीच्या भंगार गोदामांना वारंवार आगी लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. पण असा धंदा पुढच्या गावात मांडला गेला तर धोकाही त्याच्यासोबत जातो. म्हणून अशा धंद्यांची नोंद महापालिकेच्या हद्दीपलीकडे, ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली पाहिजे.

मोठ्या कंपनीत भोंगा, जमण्याची ठरलेली जागा आणि सुरक्षा अधिकारी असतो. त्याच कंपनीचा माल बनवणाऱ्या शेडमध्ये बहुधा यातले काहीच नसते. पुरवठादाराकडून मालाचा दर्जा तपासून घेणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या शेडची दारेही तपासावीत, आणि स्थानिक आपत्ती गटांनी सहामाही तालीम कामगारांच्या खोल्यांपर्यंत, मराठीसोबत हिंदीतही न्यावी. कंत्राटी कामगार आणि शेडमधील महिला या तालमीत उभ्या राहतील, तेव्हाच या पट्ट्याला सज्ज म्हणता येईल.