न बोलणारी गाठ

म्हैसूर जिल्ह्यात कावेरी आणि कपिला यांच्या संगमाजवळ सोसले नावाचे गाव आहे. तेथील व्यासराज मठामुळे आपल्याकडील माध्व घराण्यांना हे नाव परके नाही. अशा गावातील एखाद्या साठीच्या गृहस्थांची कल्पना करा. पोथी ते अजून वाचतात. पण दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने येणारी सायकल अगदी जवळ आल्यावर दिसते. घरचे म्हणतात, वय झाले. चष्मा बदलला जातो, मोतीबिंदूची चर्चा होते आणि वर्ष निघून जाते. दोष डोळ्यांत नसून त्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीत असू शकतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मेंदूतील कफ या ग्रंथीवाटे नाकात उतरतो, असे दुसऱ्या शतकात गेलेनने मानले. पाश्चात्त्यांनी तिला दिलेले ‘पिट्यूटरी’ हे नाव लॅटिनमधील कफवाचक शब्दावरूनच पडले. सतराव्या शतकात तो समज खोटा ठरला. नाव मात्र चिकटून राहिले.

१८८६ साली पॅरिसच्या पिएर मारी यांनी हातपाय आणि जबडा वाढत जाणाऱ्या रोगाचे वर्णन केले. त्याचे मूळ या ग्रंथीच्या गाठीत आहे, हे पुढे उमगले. ती गाठ बोलकी. बोटातील अंगठी घट्ट होते, जोडा पायात जात नाही. पण १९०० मध्ये बाबिन्स्की आणि १९०१ मध्ये व्हिएन्नाचे फ्रोलिख यांनी असे रोगी दाखवले की, ज्यांच्या ग्रंथीजवळ गाठ होती, पण हातपाय वाढले नव्हते. फ्रोलिख यांच्या रोग्याची, एका किशोरवयीन मुलाची, दृष्टी मात्र क्षीण होत होती.

याचे कारण सोपे आहे. ग्रंथीच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली पडते, आणि तेथे एकमेकांना ओलांडणारे तंतू बाहेरच्या बाजूचे दृश्य वाहतात. गाठ खालून दाबू लागली की टांग्याच्या घोड्याला झापडे बांधावीत तशी माणसाची गत होते. समोरचे दिसत असल्यामुळे तो तक्रारही करीत नाही!

१९०७ साली इन्सब्रुकच्या श्लोफर यांनी नाकावाटे अशी गाठ काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी १९१२ च्या ग्रंथात या रोगांची मांडणी केली. आपल्याकडे वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग उघडला.

सर्वांत उद्बोधक कथा त्यानंतरची आहे. १९६० च्या सुमारास यालो आणि बर्सन यांनी रक्तातील अतिसूक्ष्म अंतःस्राव मोजण्याची रीत काढली. १९७० नंतर प्रोलॅक्टिन हा दुग्धस्राव घडवणारा अंतःस्राव मोजता येऊ लागला, आणि मुक्या समजलेल्या कित्येक गाठी बोलक्या निघाल्या. मुके गाठ नव्हती; बहिरे आपणच होतो. अशा गाठी पुष्कळदा गोळ्यांनीच आटोक्यात येतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी हवीच. खऱ्या मुक्या गाठीनेही दाबामुळे प्रोलॅक्टिन थोडे वाढते, हेही वैद्याने ध्यानी ठेवावे लागते.

चुंबकीय प्रतिमायंत्र आज लहानशी गाठही दाखवते. पण त्या यंत्राकडे रोग्याला पाठवायचे, हे आधी कोणाला तरी सुचले पाहिजे. न उतरणारा थकवा, थंडी न सोसणे, कामेच्छा मावळणे, स्त्रियांत पाळी अकाली बंद होणे, ही लक्षणे दृष्टिदोषाच्या जोडीला आली तर शंका बळावते. पहिली परीक्षा ओटीवरही होते. रोग्यासमोर बसावे, त्याचा एक डोळा झाकून दुसऱ्याने आपल्या नाकाकडे पाहण्यास सांगावे, आणि बाहेरच्या बाजूने हलते बोट हळूहळू आत आणीत विचारावे, ‘आता दिसले का?’