बेथून शाळेतल्या थोरल्या मुली

शाळेतले पुढारीपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्गाची मॉनिटर उभी राहते. फळा पुसणारी, गडबड करणाऱ्या मुलींची नावे लिहून बाईंच्या स्वाधीन करणारी. माझ्याही वर्गात अशी एक होती आणि बाईंपेक्षा तिच्या वहीचाच आम्हाला अधिक धाक वाटे. पण हे पुढारीपण वरून नेमलेले. मुलींनी आपण होऊन एखादीला पुढे मानावे आणि तिच्या शब्दाखातर वरिष्ठांना न रुचणारी गोष्टही करावी, हे वेगळे. त्याचे एक जुने उदाहरण आपल्या याच शहरात आहे. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासाचे काही लिहावयास सांगितले, तेव्हा लग्न होऊन कलकत्त्यास आल्यापासून हेदुआच्या तळ्यासमोर जी इमारत मी पाहत आले आहे, तिचीच आठवण प्रथम झाली.

ही बेथून शाळा. जॉन ड्रिंकवॉटर बेथून हे गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कायद्याचे सभासद. त्यांनी ७ मे १८४९ रोजी २१ मुली घेऊन ती सुरू केली. पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी आपल्या दोन्ही मुली पहिल्याच दिवशी पाठविल्या. दोन वर्षांत बेथूनसाहेब वारले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी चिटणीस म्हणून शाळेचा भार वाहिला. मुलींना आणावयास बंद गाडी जाई आणि मुलीला यत्नपूर्वक शिकवावे अशा अर्थाचे संस्कृत वचन त्या गाडीवर रंगविलेले असे. रस्त्यावरच्या लोकांनी निदान शास्त्राला तरी भ्यावे, हा त्यातला हेतू उघड आहे.

इतके असूनही पहिली जवळजवळ तीस वर्षे या शाळेत मुलींची म्हणून काही परंपरा उभी राहिली नाही. कारण साधे आहे. शाळेत थोरल्या मुलीच नव्हत्या! आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झाले की पाटी सुटे. पुढारीपणाला वयाचे एक अंतर लागते. धाकटीला पाहावयास कोणी मोठी लागते आणि मोठीला आपल्यामागे कोणी येत आहे याची जाणीव लागते. सगळ्याच चिमुरड्या असतील, तर तेथे फक्त बाई आणि मुली एवढेच नाते राहते. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे इमारती व देणग्या मोजतात. मला वाटते, त्यांनी मुलींची वयेही मोजावीत.

हे चित्र १८७८ मध्ये पालटले. द्वारकानाथ गांगुली, दुर्गामोहन दास, आनंदमोहन बसू या ब्राह्म मंडळींनी मोठ्या मुलींसाठी बंग महिला विद्यालय चालविले होते. ते त्या साली बेथून शाळेत विलीन झाले आणि कादंबिनी बसूसारख्या मोठ्या मुली एकदम शाळेत आल्या. (आपल्या पंडिता रमाबाई कलकत्त्यात येऊन येथील पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी मिळविती झाल्या, तेही याच साली.) कादंबिनीने त्याच वर्षी प्रवेश परीक्षा दिली आणि तिचा पहिला वर्ग एका गुणाने हुकला. तिच्या एकटीसाठी सरकारला १८७९ मध्ये तेथे महाविद्यालयाचे वर्ग उघडावे लागले.

दुसरी चंद्रमुखी बसू. ती ख्रिस्ती, आणि बेथून शाळेत तोवर हिंदू मुलींनाच घेत. तिने १८७६ मध्येच प्रवेश परीक्षेचे पेपर यशस्वीपणे दिले होते, परंतु विद्यापीठाच्या नियमांत मुलीची परीक्षाच बसत नव्हती म्हणून तिचे नाव उत्तीर्णांच्या यादीत आले नाही. अखेर बी. ए. साठी बेथूनचे दार तिला उघडले. १८८३ च्या पदवीदान समारंभात कादंबिनी व चंद्रमुखी या दोघींनी पदव्या घेतल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी दिली ती १९२० मध्ये आणि केंब्रिजने तर १९४८ मध्ये, हे सहज सांगून ठेवते. जिला धर्मामुळे दाराबाहेर राहावे लागले, ती चंद्रमुखी पुढे १८८८ मध्ये त्याच महाविद्यालयाची प्रमुख झाली.

त्या पदवीदानाला फार दिवस झाले नव्हते, तोच शहर एका खटल्याने ढवळून निघाले. इल्बर्ट विधेयकावरून गोरे लोक आधीच खवळलेले होते. हिंदी न्यायाधीशापुढे गोऱ्या आरोपीने उभे राहावे, हे त्यांना सोसवेना. अशात न्यायमूर्ती नॉरिस यांनी एका दाव्यात घरातला शाळिग्राम न्यायालयात आणविला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी आपल्या ‘बेंगाली’ पत्रात त्यांच्यावर कडक टीका केली आणि मे १८८३ मध्ये न्यायालयाच्या बेअदबीबद्दल त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. विद्यार्थी रस्त्यावर आले. अर्थात ते मुलगे. मुलींची गाडी बंद होती आणि रस्ता त्यांचा नव्हता.

पण शाळेच्या आत काय घडले, हे सरलादेवींच्या आठवणींवरून कळते. रवींद्रनाथांच्या वडील भगिनी स्वर्णकुमारी यांची ही मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि बेथूनमध्ये शिकत होती. वरच्या वर्गातल्या मुलींची पुढारी होती कामिनी सेन, जी पुढे कामिनी रॉय या नावाने बंगालची नामांकित कवयित्री झाली. सुरेंद्रनाथांच्या कैदेचा निषेध म्हणून थोरल्या मुलींच्या सांगण्यावरून धाकट्यांनीही काळ्या फिती लावल्या.

फीत ती केवढी! पण शाळा सरकारी होती, आणि कामिनीचे वडील चंडीचरण सेन स्वतः न्यायखात्यातले अधिकारी होते. न्यायाधीशाच्या मुलीने न्यायालयाने शिक्षा दिलेल्या माणसासाठी काळी फीत लावावी, यात घरची भाकरी धोक्यात येण्याइतका अर्थ होता. दहा वर्षांच्या मुलीला इल्बर्ट विधेयक काय कळणार, असे कोणी म्हणेल. कळले नसेलच. तिला एवढेच कळले असेल की, आपल्याहून मोठ्या मुली काहीतरी मानतात आणि त्यात आपल्यालाही घेतात. शाळेचा जिव्हाळा म्हणतात तो याहून निराळा असतो, असे मला वाटत नाही.

कामिनी १८८६ मध्ये संस्कृत घेऊन पदवीधर झाली आणि त्याच संस्थेत शिकवू लागली. सरला १८९० मध्ये बी. ए. झाली. या सरलादेवींचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. त्यांचे मामा सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते; त्यांच्याकडे सोलापुरास राहिल्या असताना तेथली तालीमबाजी त्यांनी पाहिली आणि कलकत्त्यात परतल्यावर तरुणांसाठी आखाडे काढले. १९१० मध्ये अलाहाबादला त्यांनी ‘भारत स्त्री महामंडळ’ स्थापिले. अखिल भारतासाठी म्हणून स्त्रियांनी काढलेल्या संस्थांत ते अगदी आरंभीचे. तेव्हा आपल्यासारख्या मंडळांच्या आजीबाईच त्या!

कामिनी रॉय यांना पुन्हा पुढे व्हावे लागले ते १९२१ मध्ये, स्त्रियांच्या मताधिकारासाठी. मुंबई इलाख्याने त्या साली स्त्रियांना मत दिले. बंगालच्या कायदेमंडळाने मात्र ठराव फेटाळला. कामिनीबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. ‘बंगीय नारी समाज’ काढून त्या व त्यांच्या सहकारी भगिनी चिकाटीने लढल्या, आणि १९२५ मध्ये ठराव मंजूर झाला. मर्यादितच हक्क तो, मिळकत वगैरेंच्या अटींचा. तरी पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत बंगालच्या स्त्रिया प्रथम मत द्यावयास गेल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे नुसते कौतुक होईल. या थोरल्या मुली ज्या धाकट्यांना आपल्यात घेत, त्या बहुतेक सुस्थित हिंदू व ब्राह्म घरच्या होत्या. मुसलमान मुलींना ते दार पुष्कळ वर्षे बंदच होते. त्यांच्यासाठी बेगम रोकेया यांना १९११ मध्ये याच शहरात आठ मुलींवर वेगळी शाळा सुरू करावी लागली, आणि घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागली. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्येच ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. त्या मानाने बेथूनची गाडी ज्या गल्ल्यांत कधी वळली नाही, त्या फार होत्या.

काळ्या फितीनंतर पंचेचाळीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२८ रोजी, सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले आणि देशभर हरताळ पडला. बेथून महाविद्यालयाच्या मुलीही वर्गावर गेल्या नाहीत. इंग्रज प्राचार्याबाईंनी माफी मागण्यास फर्मावले. मुलींनी मागितली नाही. त्याच वर्षी कल्याणी दास व त्यांच्या मैत्रिणींनी कलकत्त्यात ‘छात्री संघ’ काढला. मुलींची ही स्वतःची संघटना. अभ्यासमंडळे, सायकल चालविणे, लाठीकाठी हे सारे तीत होते. त्यात कल्याणीची धाकटी बहीण बीना होती, आणि चितगावहून येऊन बेथूनमध्ये शिकणारी प्रीतिलता वद्देदारही होती. फितीपासून सुरू झालेली वाट कोठवर गेली, हे आपण जाणतो. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी बीनाने पदवीदान समारंभातच गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या; तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच साली सप्टेंबरात पहाडतलीच्या युरोपियन क्लबावर हल्ला करून प्रीतिलतेने विष घेतले. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्यांचा मार्ग मला पटत नाही. पण त्या मुली कोणा पुरुषाच्या नादी लागून भरकटल्या, असे जे कोणी म्हणतात, त्यांनी या शाळेचा इतिहास पाहिलेला नसतो.

दोघीही बी. ए. झाल्या होत्या, पण सरकारने त्यांच्या पदव्या रोखून ठेवल्या. त्या कलकत्ता विद्यापीठाने दिल्या मार्च २०१२ मध्ये. बीना दास १९८६ मध्ये वारल्या होत्या.