गिरणीतला धोटा

सराफ बाजारातून गोदाकाठी उतरताना आपल्याला सरकारवाडा लागतो. पेशवाईतला कारभाराचा वाडा म्हणून तो जपला गेला, हे योग्यच झाले. पण माणसे जेथे पोटासाठी राबली, त्या जागा जपण्याची बुद्धी आपल्याला फार उशिरा सुचते. म्हणून आज आम्ही मुंबईच्या काळाचौकीतील इंडिया युनायटेड गिरणीविषयी बोलणार आहोत. तिच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे मुंबई महानगरपालिकेने हाती घेतले.

मुंबईत कापड गिरणीचा पाया कावसजी दावर यांनी १८५४ साली घातला. पुढे ससून घराण्याने अनेक गिरण्या काढल्या. १९४३ साली त्या विकल्या गेल्या आणि ‘इंडिया युनायटेड’ हे नाव पडले. १९७४ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. हे सारे आपण जाणता. आम्हाला सांगायचे आहे ते एका लहानशा लाकडी वस्तूविषयी.

साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, आडवा धागा वाहून नेणारा धोटा असतो. त्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकाशी तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. गिरणीत पगार बरा तो याच खात्यात. आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मज्जाव तोही येथेच. त्यांनी कमी पगाराच्या सूतखात्यात राहावे. हा मज्जाव टिकवला तो शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या सवर्ण कामगारांनी. आम्ही हयात संघटनेत घालवली, म्हणून हे वाक्य आम्हाला जड जाते. पण ते खरे आहे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले की, दलित कामगारांना सर्व खात्यांत कामाचा हक्क ही मागणी घेतली नाही, तर आम्ही आमच्या लोकांना संपापासून परावृत्त करू. पुढाऱ्यांनी नाखुशीनेच ती सतरा मागण्यांत घातली. मालकांनी ऐकवले की, हा अन्याय असेल तर त्याचे उत्तरदायित्व आमच्याकडे नाही. मालकांचे बोलणे आम्हाला क्वचितच पटते. या एका बाबतीत त्यांना उत्तर देणे कठीण होते.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, हे नाशिकला आम्ही सांगायला नको. त्या दाराची आठवण या गावाला आहे. त्याच काळात साचाखात्याचे दार बंद होते, ते किती जणांना ठाऊक आहे?

संग्रहालयात साचा मांडतील, धोटाही काचेखाली ठेवतील. त्याखालच्या चिठ्ठीवर लाकूड कोणते आणि लांबी किती, एवढेच लिहू नये. धागा तोंडाने ओढत हे लिहावे, त्या निमित्ताने कोणाला बाहेर ठेवले हे लिहावे, आणि आम्ही संघटनावाल्यांनी ते किती वर्षे चालू दिले हेही.