मांडीतील वाट : गुडघ्याच्या भुलीची कुळकथा

गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून तेथे धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवल्यानंतर उठणारी कळ थोपवण्यासाठी मांडीतील एका मज्जातंतूभोवती, म्हणजे बोलीभाषेत ज्याला नस म्हणतात तिच्याभोवती, बधिर करणारे औषध सोडण्याच्या पद्धतीला ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात. या पद्धतीचा इतिहास कमीत कमी बधिर करण्याच्या प्रयत्नांचा आहे. आधी सगळा माणूस, मग कमरेखालचा भाग, मग मांडी आणि शेवटी केवळ वेदना वाहून नेणारे धागे, अशी ती भूल आकसत गेली.

मूळ औषध कोकेन. व्हिएन्नातील कार्ल कोलर याने १८८४ साली त्या औषधाने डोळा बधिर होतो हे दाखवले आणि लगेच अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड याने तेच औषध थेट मज्जातंतूंभोवती टोचून पाहिले. ते प्रयोग स्वतःवर करताना त्याला कोकेनचे व्यसन जडले, ही किंमत या विद्येच्या आरंभीच मोजली गेली. इकडे महाराष्ट्रात विल्यम वॉनलेस हे डॉक्टर १८८९ साली सांगलीत आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, ते याच काळात. आज जत, अथणी, विजापूरपर्यंतचे रुग्ण ज्या भरवशाने मिरजेची वाट धरतात, त्याचा पाया या ‘मिशन हॉस्पिटल’ने घातला. त्यानंतर चार वर्षांनी, १८९८ साली, जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर याने पाठीच्या मणक्यांतील द्रवात कोकेन सोडून क्षयाने सडलेल्या घोट्यावर शस्त्रक्रिया केली आणि कमरेखालची भूल अस्तित्वात आली.

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया आजही बहुधा याच भुलीखाली होते. परंतु तिचा अंमल काही तासांत उतरतो आणि कापलेल्या हाडाची व ताणलेल्या ऊतींची वेदना तेव्हा पूर्ण जोराने वर येते. आधुनिक कृत्रिम गुडघा १९७० च्या दशकात आकाराला आला आणि त्याच दशकात, १९७३ साली, अलॉन विनी याने जांघेतल्या एकाच टोचणीने मांडीच्या तीन मज्जातंतूंपर्यंत औषध पोचवण्याची रीत मांडली. जांघेतील या ब्लॉकने दुखणे खरोखर थांबे, पण पाय लुळा पडे; कारण तेथील मुख्य मज्जातंतू संवेदनेबरोबरच गुडघा सरळ ठेवणाऱ्या मांडीच्या पुढच्या स्नायूंचीही हालचाल सांभाळतो. ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करायचे, त्याचा गुडघा ऐनवेळी दुमडून तो पडावा, हा दोष क्षुल्लक मानता येण्याजोगा नव्हता.

यावरचा उपाय मिळाला तो दोन शतके आधी वापरल्या गेलेल्या वाटेवर. लंडनच्या जॉन हंटर याने १७८५ साली गुडघ्यामागच्या फुगलेल्या धमनीवर उपचार करताना ती धमनी तेथे न बांधता मांडीच्या मध्याशी, स्नायूंच्या आडोशातून जाणाऱ्या बोगद्यात बांधली. शरीररचनाशास्त्रात त्या बोगद्याला हंटरचेच नाव आहे. त्याला धमनीशी कर्तव्य होते, परंतु त्याच बोगद्यातून गुडघ्याच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारा एक मज्जातंतू धमनीला लगटून जातो आणि मांडीच्या स्नायूंकडे जाणाऱ्या बहुतेक शाखा त्याआधीच फुटून गेलेल्या असतात. डेन्मार्कमधील भूलतज्ज्ञांनी २०११ नंतर या बोगद्यात औषध सोडण्याचा नेटाने अभ्यास केला. निरोगी स्वयंसेवकांवरील त्यांच्या प्रयोगात जांघेतील ब्लॉकने मांडीची ताकद ४९ टक्क्यांनी घटली, तर बोगद्यातील ब्लॉकने केवळ ८ टक्क्यांनी. या दोन आकड्यांनी जांघ की बोगदा या वादाचा निकाल जवळजवळ लावला.

बोगदा खोल असल्याने सुई नेमकी नेण्यासाठी सोनोग्राफी लागते. मज्जातंतूंच्या ब्लॉकसाठी सोनोग्राफीचा थेट उपयोग व्हिएन्नातील भूलतज्ज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. योगायोगाने भारताचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदाही त्याच वर्षीचा. सोनोग्राफीने गर्भाचे लिंग कळू शकत असल्याने त्या कायद्याखाली भूल देण्यापुरते वापरायचे यंत्रही येथे नोंदवावे लागते. हे काम डॉक्टरांना जाचक वाटू शकते. तरी मिरज तालुक्यातीलच म्हैसाळचे भ्रूणहत्येचे प्रकरण २०१७ साली उघडकीला आल्यावर त्या कडकपणाची गरज या भागाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

बोगद्यातील ब्लॉकने गुडघ्याची पुढची व आतली बाजू शांत होते, पण मागच्या बाजूची ठणक उरते. तिच्यासाठी गुडघ्यामागची धमनी आणि सांध्याचे आवरण यांच्यामधल्या जागेत औषध सोडण्याची ‘आयपॅक’ ही रीत गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. पाऊल उचलण्याची ताकद तीत सहसा शाबूत राहते. एकदा टोचलेल्या औषधाचा प्रभाव साधारण एका दिवसाच्या आतच ओसरतो, म्हणून जाणकार भूलतज्ज्ञ तो उतरण्याची वाट न पाहता वेदनाशामक गोळ्या आधीपासूनच ठरल्या वेळेला सुरू ठेवतात.