गिलके, पतोला आणि शके ८२२ : देवपूरच्या कढईतला फिलिपिन्स

१/
धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागते. तिथल्या बाजारात पावसाळाभर गिलक्यांचे ढीग दिसतात. पुण्या-मुंबईकडे ज्याला घोसाळे म्हणतात, तेच हे फळ. सुमारे ५,००० किलोमीटर दूर, मनिलाच्या मंडईत हेच फळ 'पतोला' या नावाने विकले जाते. हा शब्द मराठी कानाला ओळखीचा का वाटतो, याचा माग काढला तर एका साध्या भाजीमागचा हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हाती लागतो. (थ्रेड)

२/
फिलिपिन्समध्ये गिलक्याची भाजी घरोघरी होते. तिचे नाव 'गिनिसांग पतोला'. कढईत तेल तापले की आधी ठेचलेला लसूण पडतो. त्याचा वास सुटला की कांदा, कांदा मऊ झाला की टोमॅटो. टोमॅटोने रस सोडला की गिलक्याच्या जाडसर चकत्या. खारटपणासाठी 'पातीस', म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेले पातळ पाणी. पुष्कळ घरी कोळंबी घालतात आणि शेवटी 'मिस्वा' नावाच्या गव्हाच्या अतिशय बारीक शेवया.

३/
देवपूरच्या घरात हीच भाजी करायची तर बाजारातून वेगळे काहीच आणावे लागत नाही. पातीसच्या जागी मीठ, मिस्वाच्या जागी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या गव्हाच्या शेवया. गिलक्याची चकती आधी चाखून पाहायची. कडू निघाली तर ते गिलके टाकून द्यायचे. झाकण ठेवले की फळ स्वतःच्या पाण्यात शिजते. शेवया घालायच्या असतील तेवढेच वाटीभर पाणी वेगळे. मोहरी, हळद, तिखट मात्र यात नाही. हात अडखळतो तो तिथेच.

४/
अशी भाजी पाहिली की एक निष्कर्ष चटकन ओठांवर येतो : 'ही तर आपलीच फोडणी, इथूनच तिकडे गेली!' परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन धुळ्यातच, ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात आहे. अस्सल कागद पाहिल्यावाचून बोलू नये, हा त्यांच्या कामाचा धडा. भाजीपाला कागद ठेवत नाही, हे खरे. पण तो नावे ठेवतो, आणि नावाची साक्ष काढता येते.

५/
पहिला साक्षीदार 'पतोला'. संस्कृतात 'पटोल' हे वेलीवर येणाऱ्या एका फळभाजीचे नाव. त्यापासून मराठीत 'पडवळ' आले. हाच शब्द मलय भाषेत 'पेतोला' झाला आणि तिथून फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत 'पतोला' म्हणून पोहोचला. वाटेत फळ बदलले : संस्कृतातला पटोल वेगळा, मराठीतले पडवळ वेगळे, तागालोगमधले गिलके-दोडके वेगळे. वेलींचे कूळ तेवढे एक राहिले. शब्द प्रवासाला निघतो तेव्हा वस्तू बरोबर असेलच, असे नसते.

६/
संस्कृत शब्द इतक्या पूर्वेला गेले कसे? याचा लेखी पुरावा १९८९ मध्ये मिळाला. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात लुंबांग नदीच्या गाळात एक पातळ ताम्रपट सापडला. अंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी प्राचीन कावी, भाषा प्राचीन मलय, मजकूर कर्जमुक्तीचा : नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे ऋण फिटल्याची ती पावती आहे. फिलिपिन्समधला हा आजवरचा सर्वांत जुना तारीखवार लेख होय.

७/
आणि तारीख? शके ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ.स. ९००. मराठी घरातल्या पंचांगात आजही चालणारी हीच कालगणना. त्या वेळी दख्खनवर मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि त्यांचे ताम्रपटही शककालातच कोरले जात. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील यादवकालीन शिलालेख तीनशे वर्षांनी नंतरचा. त्यावरही शककालच आहे.

८/
यावरून 'फिलिपिन्सवर भारताचे राज्य होते' असे म्हणणे मात्र चूक. हे संस्कार जावा, सुमात्रा आणि मलय बंदरांतून, व्यापाऱ्यांच्या आणि लेखकांच्या तोंडून झिरपत गेले. तागालोगमध्ये शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा' म्हणतात. सैन्याने लादलेली भाषा दरबारात दिसते. व्यापाराने नेलेली भाषा स्वयंपाकघरात आणि शाळेत मुरते. पतोला ही त्या दुसऱ्या वाटेने गेलेली पाहुणी.

९/
तिच्या सोबतीला मूग. मुगाची लागवड भारतीय उपखंडात सुरू झाली, त्याला ४,००० वर्षांहून अधिक काळ लोटला. फिलिपिन्समध्ये मुगाला 'मुंगो' म्हणतात. नाव 'मूग'च्याच कुळातले. 'गिनिसांग मुंगो' म्हणजे लसूण-कांदा-टोमॅटोवर परतून शिजवलेले मूग, वरून शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. शुक्रवारी मांस वर्ज्य मानण्याच्या कॅथलिक प्रथेमुळे तो तिथे शुक्रवारचा पदार्थ ठरला. शेवगाही मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा.

१०/
इथवर जुनी लाट झाली. पण कढईत टोमॅटो आहे, आणि तो शके ८२२ मध्ये आशियात कुठेच नव्हता. टोमॅटो, मिरची, भुईमूग, लाल भोपळा ही सारी अमेरिका खंडातली पिके. १४९४ मध्ये तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. त्या वाटणीमुळे अमेरिकेतली पिके आशियात दोन निरनिराळ्या दारांतून शिरली.

११/
पश्चिमेचे दार पोर्तुगिजांचे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या त्यांच्या गलबतांबरोबर मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. खानदेशात तेव्हा फारुकी सुलतान होते. बुऱ्हाणपूर त्यांची राजधानी. सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि ही राजवट संपली. राज्ये बदलली, रस्त्यावरची वर्दळ चालूच राहिली.

१२/
पूर्वेचे दार स्पॅनिशांचे. १५२१ मध्ये मॅगेलन पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्सला पोहोचला आणि मक्तानच्या लढाईत मारला गेला. १५६५ मध्ये उर्दानेताने पॅसिफिकवरून मेक्सिकोला परतण्याचा मार्ग शोधला. १५७१ मध्ये मनिला स्पॅनिश सत्तेचे केंद्र झाले. मेक्सिकोतले अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये १५६५ ते १८१५, अशी अडीचशे वर्षे गलबते ये-जा करत होती. जाताना रेशीम, येताना चांदी. आणि चांदीच्या पेट्यांबरोबर बियाणे.

१३/
ही दोन दारे काही काळ एकाच घराची होती. १५८० ते १६४० या ६० वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे गोवा आणि मनिला ही दोन्ही शहरे एकाच मुकुटाखाली होती, कारभार मात्र वेगळा.

१४/
आता 'गिनिसा' हा शब्द पाहा. स्पॅनिशमध्ये 'गिसार' म्हणजे शिजवणे. त्यापासून तागालोगमध्ये 'गिसा' झाला. तागालोगची एक खुबी अशी की प्रत्यय शब्दाच्या पोटात शिरतो : 'गिसा'मध्ये 'इन' घातला की 'गिनिसा', म्हणजे परतलेले. तेलात लसूण-कांदा-टोमॅटो परतण्याच्या पद्धतीचे नाव स्पॅनिश आहे. साक्ष स्पष्ट आहे : फळाचे नाव भारताकडून गेले, कृतीचे नाव स्पेनकडून. फोडणी आणि गिसा या सख्ख्या बहिणी नव्हेत.

१५/
भांड्यातला तिसरा धागा चिनी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मनिलाच्या तटाबाहेर 'पारियान' ही चिनी व्यापाऱ्यांची वस्ती उभी राहिली. त्यातले बहुतेक फुजियान प्रांतातले, होक्किएन बोलणारे. 'मिस्वा' हा शब्द त्यांचाच. संस्कृत नावाचे फळ, स्पॅनिश नावाची कृती आणि चिनी नावाच्या शेवया, असे तीन इतिहास एका वाटीत येतात.

१६/
परक्या पिकांना नाव देण्याची दोन्हीकडची रीतही पाहण्याजोगी आहे. तागालोगने पुष्कळदा मूळ नावच ठेवून घेतले. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'चिल्ली'चे 'सिली' झाले, 'तोमात्ल'चे 'कामातिस'. मराठीने उलट केले. मिऱ्यासारखी तिखट म्हणून 'मिरची'. मातीत येणारा मूग म्हणून 'भुईमूग'. अमेरिकेच्या लाल भोपळ्याला तर खानदेशात 'गंगाफळ' म्हणतात! घरचे नाव मिळाले की पाहुणा पाहुणा राहत नाही, आणि तो कधी आला हेही विसरले जाते.

१७/
भुईमुगाची गोष्ट इथे फार महत्त्वाची. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे पीक. तमिळमध्ये शेंगदाण्याला 'मणिलाक्कोट्टै' म्हणतात, म्हणजे 'मनिलाची बी'. दक्षिण भारतात हे पीक, निदान त्याचा एक वाण, फिलिपिन्सच्या बाजूने आला, याची आठवण त्या नावात आहे. मराठीतल्या नावाने ती पुसून टाकली, तमिळने जपली. एका भाषेत हरवलेला पुरावा शेजारच्या भाषेत सापडतो, तो असा.

१८/
अशी आणखी उदाहरणे आहेत. शाळेबाहेर मिळणारी विलायती चिंच मूळची मेक्सिकोची. इंग्रजीत तिला मनिलाची चिंच म्हणतात. चिकू मध्य अमेरिकेचा. फिलिपिन्समध्येही तो 'चिको'च. 'विलायती' हे विशेषण ऐकून इंग्लंड डोळ्यांपुढे येते, पण वाट पॅसिफिकची होती.

१९/
एक सावधानतेचा इशारा. १७६२ मध्ये इंग्रजांनी मद्रासहून आरमार पाठवून मनिला घेतले आणि १७६४ पर्यंत ठेवले. त्या फौजेतले काही भारतीय शिपाई मनिलाजवळच्या काइंता गावात स्थायिक झाले. शेंगदाण्याच्या दाट रश्शातला 'कारे-कारे' हा पदार्थ त्यांनीच आणला आणि 'करी'वरून त्याचे नाव पडले, अशी गोष्ट तिथे सांगतात. शिपाई राहिले हा इतिहास. पदार्थाची गोष्ट मात्र लोककथा. तिच्याविरुद्ध दुसऱ्या उपपत्तीही आहेत. खानदेशी शेंगदाण्याच्या रश्शाशी त्याचे साम्य कितीही मोहक वाटले, तरी या दोहोंना एका रेघेत बसवता येत नाही.

२०/
मग 'आपले' म्हणजे नेमके काय? खानदेशची ओळख असलेले भरीत घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांगे भारतीय उपखंडात हजारो वर्षे रुजलेले. पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या त्या वांग्यात पडणारी हिरवी मिरची अमेरिकेची, शेंगदाणे अमेरिकेचे. ही दोन्ही काढून घेतली तर उरेल ते खानदेशी भरीत नव्हे.

२१/
फिलिपिन्समध्येही वांगे विस्तवावर भाजून, सोलून, ठेचून खातात. त्यात कांदा-टोमॅटो घालतात. तिथेही ते कोणाला परके वाटत नाही. बियाण्याचे जन्मगाव पदार्थाची मालकी ठरवत नाही. ती ठरते पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी : कोणी ते पेरले, कशावर भाजले, कशाबरोबर खाल्ले आणि कोणत्या नावाने हाक मारली.

२२/
देवपूरच्या कढईत एखाद्या संध्याकाळी मोहरीविना, हळदीविना गिलके परतले गेले, तर ती भाजी परदेशी ठरत नाही आणि 'आपलीच होती' असेही सिद्ध होत नाही. पटोलाचे नाव शककालाच्या शतकांत पूर्वेला गेले; शेंगदाण्याची एक वाट शेकडो वर्षांनी पूर्वेकडून इकडे आली. हे देणे-घेणे कोणत्याही राजाने ठरवले नव्हते. लागुनाच्या ताम्रपटाने एका माणसाचे कर्ज फिटल्याचे लिहून ठेवले. स्वयंपाकघरांचे एकमेकांवरचे कर्ज मात्र फिटत नाही. ते फक्त चवीत उतरते.

(समाप्त)