रूप पालटले, माणूस ओळखला

परलोकातून आलेला, रूप पालटणारा नायक आजच्या कादंबऱ्यांत भेटतो. तसली प्रेमकथा जालन्याला लागून असलेल्या विदर्भात फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातली दमयंती ती! वर्धाकाठचे कौंडण्यपूर तिचे माहेर मानतात. स्वयंवरात चार देव नलाचेच रूप घेऊन बसले. तिने पाहिले : देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय भुईला टेकत नाहीत. तिने घामाचा, धुळीचा माणूस वरला. रघुनाथ पंडितांनी हे स्वयंवर मराठी काव्यात आणले. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने नल कुरूप झाला. तरी रथाचा आवाज नि रांधलेल्याची चव यांवरून तिने त्याला ओळखलेच. गुरुजी, मुलांना विचारा : माणूस रूपावरून ओळखावा, की हातच्या कामावरून?