सौर ऊर्जापेटी, घरगुती

उन्हावर चार्ज होणारी, हातात उचलून नेता येणारी आणि घरीच जोडलेली वीजपेटी. सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, तिचे रक्षण करणारी बीएमएस (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा) आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा मायक्रोकंट्रोलर हे तिचे मुख्य भाग. जोडणीची कला प्रयोगशाळेपुरती नाही: मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक असताना चेतनसिंह सोळंकी यांनी चालवलेल्या ‘सोल’ प्रकल्पात खेड्यांतल्या स्त्रियांनी सौर दिवे जोडले. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारातील नाईलिट (पूर्वीची सीईडीटीआय) ही संस्था इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण देते.

पेटी हलकी होते ती लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमुळे. तेवढीच वीज शिसे-आम्लाच्या बॅटरीत साठवायची तर वजन कितीतरी वाढते. ३.२ व्होल्टचे चार सेल सिरीजमध्ये जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात. सेल २० अँपिअर-तासांचे असतील, तर २५६ वॉट-तास साठतात. वीज गेली तर राउटर आणि एक-दोन दिवे त्यावर रात्रभर चालतात. विमानात मात्र ही पेटी चालत नाही: हातसामानात १०० वॉट-तासांपर्यंत मुभा, कंपनीच्या परवानगीने १६०.

या सेलची एक खोड आहे. भरत आलेला असो की अर्ध्यावर उतरलेला, त्याचे व्होल्टेज फारसे हलत नाही. त्यामुळे व्होल्टमीटर पाहून शिल्लक कळत नाही. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रवाहाचा जमाखर्च मांडावा लागतो. आयएनए२१९ ही चिप शंटवरून (प्रवाहाच्या वाटेतल्या छोट्या रोधावरून) प्रवाह मोजते आणि ईएसपी३२ किंवा आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर त्याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. बाजारात मिळणाऱ्या तयार मोड्यूलची मर्यादा ३.२ अँपिअर, भार त्याहून मोठा असेल तर वेगळा शंट हवा. मोजणीतली बारीक चूक साचत जाते, म्हणून १४.६ व्होल्टवर पेटी पूर्ण भरली की हिशेब नव्याने शंभर टक्क्यांपासून सुरू करतात.

मराठवाड्यात पेटीला त्रास होतो तो उन्हाचाच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते. ५० वॉटचे पॅनेल भर दुपारी जेमतेम ४३ वॉट देते. सेल त्याहून नाजूक. ४५ अंशांच्या वर त्यांचे चार्जिंग टाळावे, असे अनेक उत्पादक सांगतात, आणि पत्र्याच्या छताखाली ठेवलेली पेटी ही रेषा सहज ओलांडते. म्हणून सेलला चिकटवलेला डीएस१८बी२० हा छोटा तापमापक इथे डिस्प्लेपेक्षा मोलाचा: मर्यादा गाठताच मायक्रोकंट्रोलर चार्जिंग तोडतो.

छत्रपती संभाजीनगर २० अक्षांशाच्या जवळ असल्याने तिथे पॅनेल दक्षिणेकडे साधारण २० अंश कलते ठेवतात. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा ते आडवेच बरे.

मायक्रोकंट्रोलर बीएमएसची जागा घेऊ शकत नाही. प्रोग्रॅम अडकला तरी सेलचा समतोल राखणे आणि शॉर्ट सर्किट तोडणे हे काम बीएमएस करतच राहते. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज असतो तो याउपर.